स्लो वाढवून दिलेले इंजिन

मराठीच्या अध्यापकाने मोटारीच्या इंजिनाविषयी लिहावे, याचे काहींना आश्चर्य वाटेल. परंतु ‘निदान’ हा शब्द आपण समीक्षेत इतक्या सैलपणे वापरतो, की ते प्रत्यक्षात कसे केले जाते हे एखाद्या कसबी कारागिराजवळ उभे राहून पाहण्याचा योग प्रत्येक साहित्याभ्यासकाला यावा, असे मला वाटते. मला तो २००९ च्या पावसाळ्यात, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आला.

वडिलांनी वापरलेली, कार्बोरेटरची मारुती ८०० तेव्हा माझ्याकडे होती. तिचे दुखणे चमत्कारिक होते. पन्हाळ्याचा घाट ती विनातक्रार चढे. मात्र कावळा नाक्याच्या सिग्नलला थांबून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की दोन-तीन आचके देऊन बंद पडे. एका गॅरेजमध्ये प्लग बदलून झाले, पेट्रोलचा फिल्टर बदलून झाला, कार्बोरेटर धुऊन झाला. अखेरीस एक स्क्रू फिरवून त्यांनी ‘स्लो’ वाढवून दिला. उभ्या गाडीतील इंजिनाचे फेरे वाढवण्याला गॅरेजच्या बोलीत असे म्हणतात. गाडी बंद पडायची थांबली. पण उभ्या उभ्या गुरगुरू लागली, पेट्रोल अधिक पिऊ लागली आणि पंधरवड्याने सिग्नलला पुन्हा मान टाकू लागली.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी सर्वप्रथम तो स्क्रू पूर्ववत केला. “सर, स्लो वाढवला की आजार झाकतोय, जात न्हाई. आधी तिला बंद पडू द्या,” ते म्हणाले.

पुढचा क्रम सांगण्याजोगा आहे. इंजिन गरम झाल्यावर त्यांनी तिन्ही प्लगांच्या वायरी रबरी मुठीच्या पकडीने एकेक करून काढल्या आणि परत बसवल्या. प्रत्येक वेळी आवाज सारखाच खाली बसला. म्हणजे तिन्ही सिलिंडर आपापले काम करीत होते. मग प्लगांची टोके पाहिली. काजळी असती तर पेट्रोल जास्त; ती पांढरट होती, म्हणजे हवा जास्त. ही हवा येते कोठून? बाटलीच्या झाकणाला भोक पाडून ते इनटेक मॅनिफोल्डच्या सांध्यांवर आणि रबरी नळ्यांवर थोडे थोडे पाणी सोडत गेले, आणि प्रत्येक ठिकाणी थांबून ऐकत राहिले. एका नळीच्या वाकणावर पाणी पडताच आवाज क्षणभर सुधारला. नळी उलटी केली तेव्हा खालच्या अंगाला नखाएवढी चीर दिसली. वरून ती धडधाकट होती. वीतभर नवी नळी आणि दोन क्लिपा, एवढाच खर्च आला. अल्लादियाखाँसाहेबांच्या या शहरात ‘कान तयार असणे’ हा शब्दप्रयोग आपण गाण्यापुरता ठेवला आहे. तो इंजिनालाही लागू पडतो.

पेट्रोल नीट जळण्यासाठी वजनाने साधारण पंधरा पट हवा लागते. कार्बोरेटर आपल्यामधून जाणाऱ्या हवेच्या मापाने पेट्रोल सोडतो. चिरेतून शिरणारी हवा त्याच्या हिशेबात नसते. घाटात इंजिन इतकी हवा घेत असते, की ही चोरटी हवा त्यात खपून जाते. गाडी उभी असताना मात्र थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. एकूण हवा अगदी कमी आणि आतली ओढ अतिशय जोराची. अशा वेळी तीच चीर मिश्रण बिघडवायला पुरते. वेगात दोष झाकला जातो.

आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत स्लो संगणक सांभाळतो. मिश्रणात पेट्रोल कमी पडले, की स्कॅनरवर ‘पी ०१७१’ सारखा संकेत उमटतो. पण नळी चिरली, पंप थकला की हवा मोजणारा सेन्सर मळला, हे तो संकेत सांगत नाही. शोध तेथून सुरू व्हायचा असतो. ‘देशीवादी’, ‘उत्तर-आधुनिक’ या संज्ञा लिहून जेव्हा आपले लेख थांबतात, तेव्हा ते स्कॅनरपाशीच थांबलेले असतात.

वर्गातही हेच दिसते. सत्रपरीक्षेच्या वेगात ‘कवितेतील प्रतिमासृष्टी’वर पानेच्या पाने लिहिणारी मुले, समोर अपरिचित कविता ठेवली की गप्प होतात. अशा वेळी नोट्स पुरवण्याची आपल्याकडे रूढी आहे. तो स्लो वाढवण्याचाच प्रकार. शब्द अडला, वाक्याचा अन्वय लागला नाही, की बोलणारा कोण हे कळले नाही, हे एकेक करून तपासावे लागते. तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीला एक कविता अजिबात लागत नव्हती. तपासता तपासता लक्षात आले, की एका क्रियापदाचा कर्ता तिने चुकीचा धरला होता. तो सापडल्यावर ती दहा मिनिटे स्वतःच्या शब्दांत बोलली.

दरवर्षी पहिल्या तासाला मी एक अपरिचित कविता फळ्यावर लिहितो आणि काही बोलत नाही. वर्ग बंद पडतो. ती चार-पाच मिनिटे आपल्या बोलण्याने भरून काढण्याचा मोह प्रत्येक वर्षी होतो. पण कोणाचे कुठे अडले आहे, हे समजते ते त्याच मिनिटांत.