अडीच हजारी की चार हजारी?

मासेमारीच्या सामानाच्या दुकानात ‘अडीच हजारवालं देऊ की चार हजारवालं?’ असं विचारलं, की लगेच खिशाकडे हात नेऊ नका. तो भाव नसतो, साइज असते. (भाव नंतर कळतो आणि तेव्हा खरंच घाम फुटतो!) आणि रीळ म्हटलं की आमच्या ऑफिसात सगळे फोन बाहेर काढतात, म्हणून आधीच सांगतो, हे ते रीळ नव्हे. हे रॉडच्या खाली लटकतं, त्यात दोरी असते आणि हँडल फिरवलं की दोरीच्या टोकाचा खोटा मासा पोहत पोहत काठाकडे येतो. त्या खोट्या माशाला ल्यूर म्हणतात.

रीळ हवं होतं बाबांसाठी. उभा जन्म वर्धा जिल्ह्यात गेला, पुलगावजवळ वर्धा नदीच्या काठी बांबूची गरी घेऊन बसण्यात कित्येक रविवार गेले. दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय बऱ्यापैकी परतला. हात अर्धवट. त्यानंतर त्यांनी गरीचं नावच काढलं नाही, आणि आईला काळजी होती ती त्या गप्प बसण्याची. फिजिओथेरपिस्ट म्हणाले, हात गोल फिरवण्याचा व्यायाम होत असेल तर उत्तमच. मग मी कामाला लागलो.

पहिली गंमत म्हणजे या आकड्यांना कुठलंही सर्वमान्य माप नाही. १०००, २५००, ४००० हे ज्या त्या कंपनीचं आपापलं गणित. शिमानोच्या सी-३००० मधला ‘सी’ म्हणजे कॉम्पॅक्ट. बांधा २५०० चा, पण दोरीची फिरकी, म्हणजे स्पूल, ३००० चं. दायवानं २०१८ मध्ये एलटी मालिका आणली तेव्हा मोजणीच बदलली. जुन्या २५०० च्या अंगाचं रीळ आता साधारण ३००० म्हणून येतं. थोडक्यात, बुटांसारखंच. नंबर सारखा असला तरी घालून बघावं लागतं.

मोठं रीळ घ्यावं असं सगळेच सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. स्पूल रुंद असलं की दोरी मोठ्या वेटोळ्यांत सुटते, काठाला कमी घासते, ल्यूर लांब जातं. कोकणात खाडीवर जिताड्यासाठी किंवा समुद्राच्या खडकांवरून फेकायचं असेल तर ४००० किंवा ५००० च घ्या. तिथे मासा दोरी घेऊन पळतो, वारा असतो, ल्यूर जड असतं. पण आमचा मासा मरळ. ती लांब पळत नाही. आमिष घेते आणि सरळ पाणवेलींत घुसते. तिथे लांब दोरी नव्हे, पक्की दोरी लागते. हे बाबांना समजावत होतो तर म्हणाले, ‘मंग दोनशे मीटर दोरी कायले पायजे बे? मरळ का मुंबईले पळून जाऊन राहिली?’

मुद्दा त्यांनी एका वाक्यात संपवला. शिवाय हल्लीची ब्रेडेड दोरी (आई अजून तिला ब्रेडची दोरी म्हणते) इतकी बारीक असते, की २० पौंडी ब्रेडची जाडी साधारण ६ पौंडी नायलॉनइतकीच. म्हणजे छोट्या स्पूलवरही भरपूर मावते. फक्त खाली थोडी नायलॉन गुंडाळायची, नाहीतर ब्रेड स्पूलवर घसरून नुसती गोल फिरते. आणि भरताना कडेपासून दीड-दोन मिलिमीटर जागा सोडायची. जास्त रिकामं ठेवलं तर कास्ट तोकडी पडते, काठोकाठ भरलं तर गुंता.

खरा पेच वेगळाच होता. २५०० चं रीळ दोनशे-अडीचशे ग्रॅमचं, ४००० चं तीनशेच्या आसपास. दुकानात हा फरक जाणवत नाही. पण रॉड एकट्या डाव्या हातात धरायचा, तोही आयुष्यभर उजव्यानं सगळं केलेल्या माणसानं, तर तेवढंही जड. उलट ४००० ला हँडलची मूठ मोठी, जी कमजोर बोटांना पकडता येते. आणि एका फेऱ्यात दोरीही जास्त येते. मी चक्क कागदावर हिशेब केला. ३५ मीटरची कास्ट, फेऱ्याला ७५ सेंटिमीटर, म्हणजे ४७ फेरे. ९५ सेंटिमीटर आली तर ३७. दहा फेऱ्यांचा फरक! पण वेगवान गिअर फिरवायला जड जातो, हे विसरून चालत नाही.

शेवटी घेतलं सी-३०००, हळू गिअरचं, आणि त्याला वेगळी मोठी फोमची गोल मूठ बसवली. स्पिनिंग रीळचं हँडल काढून दुसऱ्या बाजूला लावता येतं, हे किती मोठं सुख आहे ते तेव्हा कळलं. रॉड डावीकडे, हँडल उजवीकडे. रॉड सात फुटी, ल्यूर बारा ग्रॅमचं.

जागेवरूनही चर्चा झालीच. बोर धरणाचं नाव एका मित्रानं काढलं, पण २०१४ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे, तिथे गळ घेऊन जायचा विचारही नको. आम्ही धाम नदीवरच्या महाकाळीच्या धरणावर गेलो. राज्यातल्या बऱ्याच जलाशयांवर मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असतो, त्यामुळे आधी त्यांना विचारलेलं बरं. आम्हीही विचारलं. मित्र म्हणाला, सोबत थंड बिअर हवी होती. त्याला आठवण करून दिली, की जिल्ह्यात दारूबंदी आहे!

बेल उघडून देणं एवढंच काम माझ्याकडे. पहिल्या दोन कास्ट पायाशीच पडल्या. तिसरी वीसेक मीटर गेली असेल. उजवा हात हँडलवर थरथरत होता, मध्येच थांबत होता, पण मरळीला असं थांबत थांबत येणारं आमिष आवडतंच. नवव्या कास्टला रॉड वाकला. मी हात पुढे केला तर ओरडले, ‘हात नोको लावू!’ चार फेरे, विश्रांती. परत चार फेरे. वेलींचा एक गुच्छच माशासकट काठावर आला.

किलोभराची असेल. संस्थेच्या माणसानं वजन करून पैसे सांगितले. बाबांनी पाकीट माझ्याकडे दिलं नाही. मांडीवर ठेवलं आणि डाव्या हातानं एकेक नोट काढून मोजून दिली.