पान्यावर उभं राहण्याआधी

अकोल्यातून बाळापूरकडे निघा की मूर्तिजापूरकडे, महामार्गाच्या कडेच्या पंक्चरच्या दुकानांत चाक बसवायची रीत एकच दिसते. नट हाताने फिरवून टेकवायचे, जॅक उतरवायचा, एल पाना लावायचा आणि शेवटी दांड्यावर पाय देऊन अंगाचा सगळा भार टाकायचा. नट कुरकुरला की काम झालं. ट्रक असेल तर पान्याला चार फुटी पाइप चढतो, नाहीतर एअर गन खडखडते. गाडीवाला बाजूला उभा राहून ‘अजून थोडं टाइट कर’ म्हणतो आणि त्याच्या समाधानासाठी दुकानदार आणखी एकदा पाय देतो. वर्षानुवर्षं हे पाहत आल्यावर, आणि गाडीच्या पुस्तकातले आकडे त्याच्याशेजारी मांडून पाहिल्यावर, माझं मत असं झालं आहे की चाकाचा नट अंदाजाने आवळण्याची गोष्ट नाही. तो मापूनच आवळायला हवा, आणि हे फक्त कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपुरतं नाही, रस्त्यावरच्या दुकानालाही लागू आहे.

आधी नट करतो काय ते पाहू. बहुतेकांची समजूत अशी की गाडीचं वजन नट ज्यांवर फिरतात त्या चार-पाच स्टडवर टांगलेलं असतं. खरं तर नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि रिमला ड्रमवर किंवा डिस्कवर दाबून धरतो. त्या दाबाने दोन पृष्ठभागांत जे घर्षण तयार होतं, ते चाक जागेवर ठेवतं. लहान मोटारीचा 12 मिलिमीटरचा स्टड घ्या. 100 न्यूटन-मीटर टॉर्क म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला साधारण दहा किलोचा जोर. एवढ्या टॉर्कने कोरडा, स्वच्छ नट आवळला तर एका स्टडमध्ये चार टनांच्या आसपास ताण येतो. चार स्टडचे सोळा टन. घर्षणाचा गुणांक 0.15 धरला तरी चाक बाजूला सरकवायला दोन टनांहून जास्त जोर लागेल, आणि लहान गाडीच्या एका चाकावर भार असतो अडीचशे-तीनशे किलो. खड्डे आणि ब्रेक धरूनही पुष्कळ ताकद शिल्लक राहते. आता दुसरा आकडा पाहा. चार टनांचा ताण घेताना तो आखूड स्टड लांबतो किती? हिशेब केला तर सुमारे पाच शतांश मिलिमीटर, म्हणजे कागदाच्या पानाच्या जाडीच्या निम्मं. रिमच्या पत्र्यालाही थोडी लवचीकता असते, ती धरली तरी चाक धरून ठेवणारी सगळी ताकद एवढ्याशा ताणात साठवलेली असते.

आमच्या भागात हा आकडा विसरून चालत नाही, कारण वऱ्हाडची काळी माती. पावसाळ्यात ती रिमच्या आतल्या बाजूला, ड्रमच्या तोंडावर चिकटते आणि वाळली की दगडासारखी होते. चाक काढल्यावर ती न खरवडता तसंच बसवलं, तर नट आवळताना हाताला अगदी घट्ट लागतो. पुढच्या वीस-तीस किलोमीटरमध्ये धक्के बसून तो थर चुरतो. गंजाचे पापुद्रे तसेच, आणि रिमला हौसेने मारलेला रंगाचा जाड हातही तसाच. थर दोन-तीन शतांश मिलिमीटरने जरी बसला, तरी स्टडचा निम्मा ताण गेला. नट एक अंशही फिरलेला नसतो, बाहेरून सगळं जागेवर दिसतं, आणि आत पकड अर्धी झालेली असते. पकड अपुरी पडली की रिम दर फेऱ्याला जराजरासं सरकायला लागतं. अशा आडव्या सरकण्याने नट आपोआप उलटा फिरत जातो, हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 साली प्रयोगाने दाखवलं. अकोला ते अमरावती शंभरेक किलोमीटरच्या प्रवासात लहान गाडीचं चाक पन्नास हजार फेरे घेतं. सुटायला एवढे फेरे पुरेसे आहेत.

सैल नटाची भीती सगळ्यांनाच असते, म्हणून तर पाय देतात. जास्त आवळलेल्या नटाची भीती कोणाला नसते, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. सत्तर किलोचा माणूस तीस सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला की 200 न्यूटन-मीटरच्या वर टॉर्क होतो. उडी मारली तर किती, हे विचारूच नका. लहान गाड्यांच्या पुस्तकांत आकडा असतो साधारण 85 ते 110. स्टडच्या पोलादाला ताण सोसायची मर्यादा असते. तिच्यापलीकडे ताणला की तो पुन्हा मूळ लांबीवर येत नाही, आटे खेचले जातात आणि पुढच्या वेळी तोच स्टड कमी जोरात ‘घट्ट’ लागतो. अशा स्टडचा एखाद्या दिवशी तुकडा पडतो, तेव्हा दोष कंपनीच्या मालाला दिला जातो. डिस्क ब्रेकच्या गाडीत एक नट 200 वर आणि शेजारचा 90 वर असला तर डिस्कला बाक येऊ शकतो आणि ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरतं. शिवाय एकट्या बाईला किंवा म्हाताऱ्या माणसाला रात्री रस्त्यात स्टेपनी बदलायची वेळ आली, तर तो नट उघडतच नाही. एअर गनचं तर गणितच वेगळं. तिचा जोर कॉम्प्रेसरच्या टाकीतल्या हवेवर असतो, त्यामुळे पहिल्या नटाला एक जोर आणि टाकी उतरल्यावर दहाव्या नटाला दुसरा. गन नट टेकवायला चांगली, शेवटचं आवळण हातानेच व्हावं.

यावर गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं: ‘हाताले समजते ना भाऊ.’ हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखं नाही. एकाच पान्याने, एकाच जातीच्या गाडीवर रोज काम करणाऱ्या मिस्त्रीचा हात बऱ्यापैकी तयार असतो. पण दिवसात तो मोपेड, मोटार, पिकअप आणि ट्रॅक्टर हाताळतो. प्रत्येकाचा स्टड वेगळा, पाना वेगळा, बसण्याची पद्धत वेगळी, आणि संध्याकाळी दमलेला हात सकाळच्या हातासारखा नसतो. याहून अवघड आक्षेप जाणकार घेतात, आणि तो मला मान्य आहे: टॉर्क रेंच तरी कुठे ताण मोजतो? तो मोजतो नट फिरवायला लागणारा जोर. त्यातला साधारण निम्मा नटाच्या बुडाशी घासण्यात जातो, चाळीस टक्के आट्यांत, आणि जेमतेम दहा टक्के स्टड ताणण्यात. म्हणून टॉर्क नेमका असूनही ताणात पंचवीस-तीस टक्क्यांचा फरक पडू शकतो. मग रेंच कशाला? एवढ्याचसाठी की अंदाजातली एक अनिश्चितता तरी जाते. उरलेली, घर्षणाची, तारेच्या ब्रशने आणि चिंधीने कमी करता येते. गंज चढू नये म्हणून आमच्याकडे स्टडला ऑइल किंवा ग्रीस फासतात. त्याने घर्षण घटतं आणि त्याच टॉर्कला ताण तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त वाढतो. पुस्तकातला आकडा सहसा कोरड्या आट्यांसाठी असतो. काही अवजड गाड्यांच्या नटांना वायसरपाशी तेलाचा थेंब द्यायला कंपनीच सांगते, तिथे तो द्यावा. आकडा आणि आट्यांची स्थिती ही जोडी आहे, एक घेऊन दुसरी सोडता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त लोकप्रिय: इतकी वर्षं असंच चाललंय, काय झालं? काय झालं ते आपण मोजलेलंच नाही. केंद्र सरकारच्या रस्ते अपघातांच्या वार्षिक अहवालात अतिवेग, दारू, उलट दिशेने गाडी चालवणं, मोबाइल ही कारणं तक्त्यात सापडतात. चाक निखळण्याचं वेगळं सदर नसतं. जिथे मोजलं तिथलं चित्र वेगळं आहे. ब्रिटनमध्ये परिवहन खात्यासाठी 2006 साली झालेल्या अभ्यासात अवजड वाहनांची चाकं निखळण्याच्या वर्षाला 150 ते 400 घटना होत असाव्यात असा अंदाज निघाला, आणि त्यात माणसं मेलेली होती. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात सुटलेल्या चाकांनी बळी घेतल्यावर 1997 मध्ये कायदा झाला: ट्रकचं चाक निखळलं की ‘आम्ही काळजी घेतली होती’ हा बचाव चालत नाही, दंड पन्नास हजार डॉलरपर्यंत. आपल्याकडे वेगही आता पूर्वीचा राहिलेला नाही. अमरावती-अकोला याच पट्ट्यावर जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरणाचा गिनीज विक्रम झाला. जुन्या खड्ड्यांच्या रस्त्यावर सैल चाक खडखडून आधीच सावध करायचं. गुळगुळीत रस्त्यावर ते ताशी नव्वदच्या वेगात सुटतं.

राहिला खर्च. मोटारीला पुरेल असा साधा टॉर्क रेंच काही हजारांत येतो. टायर बदलायचं मशीन घेणाऱ्या दुकानाला तो जड नाही. त्याची निगा मात्र राखावी लागते. काम झाल्यावर स्प्रिंग सैल करून ठेवायची, त्याने नट खोलायचे नाहीत, आणि वर्षातून एकदा किंवा पाच हजार वेळा वापरल्यावर त्याची तपासणी करून घ्यायची. आंतरराष्ट्रीय मानकातच तशी शिफारस आहे. ज्याला हेही परवडत नाही त्याच्यासाठी कापसाच्या गावात उपाय घरातच असतो. नटापासून अर्धा मीटर अंतरावर पान्याच्या दांड्याला वजनाचा लटकता काटा अडकवा आणि दांड्याशी काटकोन ठेवून ओढा. काटा वीस किलो दाखवेल तेव्हा 98 न्यूटन-मीटर झाले. आणि काटाही नसेल तर गाडीबरोबर मिळालेला आखूड पाना हाताने दाबा, पायाने नाही. पंचवीस सेंटिमीटरच्या दांड्यावर पस्तीस-चाळीस किलोचा जोर, म्हणजे धडधाकट माणसाचा हाताचा दाब, पुस्तकातल्या आकड्याजवळच येतो. ट्रकला हा उपाय पुरत नाही. तिथे आकडा 600 न्यूटन-मीटरच्या आसपास जातो आणि लांब दांड्याचा रेंच लागतोच. कापूस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीबद्दल तर कोणी विचारही करत नाही, आणि शेतातली माती सगळ्यात जास्त तिच्याच चाकांत असते.

मापून आवळलं तरी काम एका बैठकीत संपत नाही, कारण तो पाच शतांशाचा हिशेब पहिल्या काही किलोमीटरमध्येच बदलतो. म्हणून 50 ते 100 किलोमीटर चालल्यावर, चाक थंड असताना, पुन्हा तपासायचं. काही बस-ट्रकांच्या नटांवर पिवळे प्लास्टिकचे बाण दिसतात, तेही चांगले; पण ते नट फिरला तरच सांगतात, न फिरता गेलेली पकड त्यांना दिसत नाही. तेव्हा अकोल्यात टायर बदलून पश्चिमेला निघालात तर खामगावात आणि पूर्वेला निघालात तर बडनेऱ्याच्या आत चहाला थांबा. चाक हाताला गार लागलं की नट समोरासमोरच्या क्रमाने एकदा तपासून घ्या. आणि पुढच्या वेळी दुकानात ‘अजून थोडं टाइट कर’ म्हणण्याऐवजी आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडा सांगा. गिऱ्हाईकच आकडा मागू लागलं, तर रेंच दुकानात यायला वेळ लागणार नाही.