तारेआतली यादी

अवकाशकथांमध्ये चोरांचा एक ग्रह ठरलेला असतो. 1977 च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये तो टॅटूइन होता. वाळू, दोन सूर्य, आणि मॉस आयस्ली नावाच्या बंदरातल्या गुत्त्यात बसलेले तस्कर आणि सुपारीबाज. तिथलं एखादं माणूस चांगलं असलं तर ते तिथून बाहेर पडायला टपलेलं असतं. लिहिणाऱ्याची यात मोठी सोय आहे. प्रत्येकाचा गुन्हा वेगळा दाखवायला नको, जन्माचं ठिकाण सांगितलं की भागतं.

इंग्रज सरकारने 1871 मध्ये हीच सोय कायदा करून घेतली. गुन्हेगार जमाती. 1911 च्या कायद्याने ती मुंबई इलाख्यातही लागू झाली, आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड या जमातींची वसाहत, म्हणजे सेटलमेंट, उभी राहिली. कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट, आणखी कितीतरी. एका जमातीची चूल दुसरीला चालत नव्हती, भाषा तर नव्हतीच. सरकारच्या लेखी सगळे एकाच ग्रहावरचे.

त्या कुंपणाच्या आतल्या, आणि बाहेर शहराच्या चोरवाटांवरच्याही, गेलेल्या वस्तू इथे टिपल्या आहेत. क्रम लावलेला नाही. काही गेल्याचं वाईट वाटतं, काही गेल्याचं बरं वाटतं, आणि काही गेल्या की नाही याचीच शंका आहे.

तार. तीन तारेचं कुंपण, असं जुनी माणसं म्हणत. आता त्या भागात पत्र्याची घरं आहेत, दुमजली आहेत, दारात रिक्षा उभ्या असतात. पत्त्यात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ आणि पुढे नंबर. देश 15 ऑगस्ट 1947 ला सुटला, कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला. पाच वर्षं सोळा दिवस उशिरा. तार मात्र 1960 मध्ये पंडित नेहरू सोलापुरात आले तेव्हा त्यांच्या हातून तुटली, असं विमुक्तांच्या, म्हणजे या कायद्यातून सुटलेल्यांच्या, सभांमधून सांगतात. मधली आठ वर्षं कोणाच्या खात्यावर टाकायची, ते सभेत कोणी विचारत नाही.

पास. गावाबाहेर पाऊल टाकायचं तर कागद लागे. कुठे चाललात, किती दिवस, परत कधी. मुक्कामाच्या गावी पाटलाला तो दाखवायचा. पासाशिवाय सापडला तर तोच गुन्हा, दुसरा काही करायची गरज नाही. चोरी न करता चोर होण्याची एवढी सरळ वाट दुसरी नसावी.

हजेरी. बोटांचे ठसे घेतलेले, नाव नोंदलेलं. ठरल्या वेळी उभं राहून ‘हजर’ म्हणायचं, रात्रीसुद्धा. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ 1987 मध्ये आलं, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात लातूरकडच्या आजोबांची पोलिसातली हजेरी आहे. चोरी शिकवताना पोरांना मुद्दाम मारायचे, तेही आहे. पुढे पोलिसांचा मार सोसता यावा, गड्याने तोंड उघडू नये म्हणून. शाळेत मार खाणाऱ्या पिढीलाही ते पान वाचताना थांबावं लागलं असेल.

पायरी. सोलापूरची वसाहत अमेरिकन मराठी मिशन चालवत असे. इलाख्याच्या गुन्हेगार जमाती खात्याचे अधिकारी होते स्टार्ट नावाचे आयसीएस. त्यांची पद्धत पायऱ्यांची. आधी तारेच्या आत. वागणूक बरी दिसली, गिरणीतलं काम टिकलं, की तारेबाहेरच्या फ्री कॉलनीत. तिथेही नजर होतीच, फक्त तार नव्हती. पुढे वागणूक बिघडली की पुन्हा आत. पत्त्यातला ‘फ्री’ हा त्या मधल्या पायरीवरचा आहे. पायरी गेली, पत्ता टिकला.

भोंगा. जुनी गिरणी 1877 मध्ये सुरू झाली. मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. शहराला घड्याळाची गरज भासत नव्हती, भोंग्यावर चूल पेटे. गिरण्यांना माणसं हवी होती, सरकारला ती माणसं कुठेतरी गुंतवायची होती. दोघांचं जमलं. त्यामुळे एकच भोंगा शहरात कामाला बोलवी आणि वसाहतीत हजेरीला. बाकी सोलापूरकराला भोंग्याची आठवण काढताना गहिवरून येतं. सेटलमेंटमधल्या माणसाला येतं का, ते त्यालाच विचारावं.

गांधी टोपी. ही या यादीत का, तर मे 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा डोक्यावर ती असणंच पुरेसं होतं. सोजीर रस्त्यात अडवून उतरवायला लावत. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिलं. मार्शल लॉच्या दिवसांत अख्खं शहरच तारेआत गेलं होतं. महिना-दीड महिन्याने ते बाहेर आलं. त्या चौघांचे पुतळे आहेत, चौक आहे, दरवर्षी फुलं आहेत. सेटलमेंटची चाळीसेक वर्षं मात्र शहराच्या गौरवगाथेत बसत नाहीत.

केनेडीचं पुस्तक. मुंबई इलाख्यातले पोलीस अधिकारी एम. केनेडी यांनी 1908 मध्ये इलाख्यातल्या गुन्हेगार वर्गांवर टिपणं छापली. एकेका जमातीवर एकेक प्रकरण. दिसायला कसे, कपडे काय, बोली कोणती, सोंग कोणतं घेतात, चोरी कशी करतात, माल कुठे खपवतात. हल्ली काल्पनिक ग्रहांचे असे कोश निघतात आणि हौशी पोरं ते तोंडपाठ करतात. हे फौजदारांनी पाठ करायचं होतं. पुस्तकातले धंदे जवळपास सगळे बुडाले. पुस्तकातली नजर कुठे कुठे कामावर आहे.

खोटा रुपया. छप्परबंदांचा धंदा. फकिराच्या वेशात हिंडायचे, मातीच्या साच्यात कथिल-शिसं ओतून रुपया पाडायचे, आणि गावात एखाद्या भोळ्या बाईकडून खऱ्या रुपयाशी बदलून घ्यायचे. खऱ्या रुपयात चांदी होती तोवर यात अर्थ होता. 1940 मध्ये सरकारने चांदी निम्म्यावर आणली, 1947 मध्ये निकेलचा रुपया काढला. म्हणजे रुपयातली चांदी शेवटी सरकारनेच काढून घेतली, तेही कायदेशीर. आज रुपयाचं नाणं खोटं पाडायला खऱ्यापेक्षा जास्त खर्च येईल.

टाकी. टकारी बायका छिन्नी-हातोडी घेऊन दारोदार फिरत, गुळगुळीत झालेल्या जात्याला टाके घालून देत. बदल्यात सुपातलं धान्य. पोलिसांचं म्हणणं, की जात्याच्या निमित्ताने घर बघून जातात. कोणी बघत असेलही. पण जातं खडबडीत होत होतं, भाकरीला पीठ मिळत होतं, हे पोलिसांच्या नोंदीत कुठून येणार? पिठाची गिरणी आली, जाती अंगणात पालथी पडली, आता ती हॉटेलांच्या दारात शोभेला असतात. टाकी लावणारी बाई कोणत्याच नोंदीत उरली नाही.

फासे. फासेपारध्यांचे, तितर-लाव्हे धरायचे. काठ्यांना ओळीने बांधलेले बारीक फास. माळरानाची जेवढी माहिती त्या माणसाच्या डोळ्यांत होती तेवढी पुढे कोणाला जमवता आली नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार गुन्हा झाली आणि जन्माने गुन्हेगार ठरवलेला माणूस पोटानेही गुन्हेगार ठरला. 1979 मध्ये नान्नजच्या बाजूला माळढोकासाठी अभयारण्य झालं, कागदावर आठ हजार चौरस किलोमीटरांहून मोठं. आता तिथे माळढोक दिसला की पेपरात बातमी येते. फासे गेले, पारधी रानातून गेला, पक्षीही जवळजवळ गेला. ऊस आणि बोअरवेल यांच्यावर कोणी जमातीचा शिक्का मारलेला नाही.

उजेडातली चोरी. उचल्याने दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंतच हात घालावा, रात्री नाही, असा दंडक जुन्या नोंदींत सापडतो. रात्रीची घरफोडी दुसऱ्यांची. या धंद्यातही हद्दी होत्या आणि त्या पाळल्या जात. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरली की पाळणे, मौत का कुआँ, भगरेचे लाडू, आणि गर्दीत दोन बोटं. अर्ध्या ब्लेडने खिसा कापायचा आणि अंगाला हवासुद्धा लागू द्यायची नाही, ही वर्षानुवर्षांची तालीम. आता पाळणेवाला, लाडूवाला, दोघांच्याही पुढ्यात क्यूआर कोडाची पाटी. खिशात रोकड नाही. उरलेत ते मोबाइल ओढून पळणारे, त्यात हाताचं कसब काही नाही, नुसते पाय. चोरीची बाजू घेतोय असं वाटेल, पण हलकं काम हलकंच म्हणावं लागतं.

तिकीट. भागवत टॉकीजच्या दारात ‘हाउसफुल्ल’चा बोर्ड लागला की आवाज न करता ओठांनी बोलणारी पोरं. दस का बीस. तेलुगू, कन्नड, मराठी, दखनी, गिऱ्हाईक बघून भाव त्या भाषेत. ब्लॅकवाल्याला पिक्चर चालणार की पडणार ते दुसऱ्या खेळालाच कळे. आता शनिवारी तिकिटाचे पैसे आपोआप वाढतात आणि ते कंपनी वाढवते.

चिठ्ठी. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले भाव तारेने मुंबईला येत, त्या आकड्यांवर पैसे लागत. तो मार्ग बंद झाला तसा 1962 मध्ये कल्याणजी भगतने वरळीत आपला आकडा, म्हणजे मटका, सुरू केला, दोन वर्षांनी रतन खत्रीने. कापडाच्या गावाने कापसाच्या सट्ट्याचा हा नातू मांडीवर घेतला यात नवल नाही. ओपन, क्लोज, जोडी, पाना. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराबाहेर बुकी, त्याच्याकडे कार्बन आणि पातळ कागद, धाड पडली तर चटकन गिळता येईल एवढा. स्वप्नात साप दिसला तर कोणता आकडा, हेही शास्त्र होतं. खत्री 2020 मध्ये वारला. मटका वारला नाही, मोबाइलमध्ये गेला. गेली ती चिठ्ठी, आणि ती वाचून न हसता ‘लागंल की, लगा’ म्हणणारा माणूस.

ट्यूब. हातभट्टीची दारू वाहायची ती रबरी ट्यूबमध्ये. पोलिसांच्या पंचनाम्यात ‘गुळमिश्रित रसायन’ आणि ‘रबरी ट्यूब’ हे शब्द कधी चुकायचे नाहीत. हैदराबाद रस्त्यावरचा मुळेगाव तांडा यासाठी सोलापुरात बदनाम. तांड्यावरच्या बाईच्या चोळीवर आरसे जडलेले आहेत, तिच्या गाण्यात पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रवास आहे, हे मात्र शहराच्या कानावर सहसा गेलं नाही. धाडी पडत, बॅरल उलटे होत, आठवड्यात चूल पुन्हा पेटे. 2021 मध्ये ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं. अधिकाऱ्यांनी एकेक गाव दत्तक घ्यायचं, धाडीही घालायच्या आणि दुसरा धंदाही शोधून द्यायचा. शिवणयंत्रं आली. पोलिसाने तांड्यावर कापड आणून द्यावं, याची जुन्या फौजदारांनी कल्पना केली नसती.

तेलातलं नाणं. जातपंचायतीचा न्याय. उकळत्या तेलातून नाणं काढ, हात भाजला तर खोटी. पिंपळाची पानं हातावर ठेवून वर तापलेला लोखंडी तुकडा, आणि सात पावलं चाल. जास्त करून बाईलाच चालायला लागे. सरकारच्या कोर्टावर विश्वास ठेवायचं काही कारण नव्हतं, हे खरं. म्हणून हे कोर्ट चांगलं होत नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा 2016 चा, 2017 मध्ये लागू झाला. ही वस्तू यादीतून कायमची जावी. गेली आहे, असं छातीठोक सांगवत नाही.

बोली. प्रत्येक जमातीची आतली भाषा, पोलीस समोर असताना बोलायची. 2013 मध्ये भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड आला, अरुण जाखडे संपादक. त्यात भटक्यांच्या बोलींना जागा मिळाली. कोशात आली म्हणजे गुप्त राहिली नाही. आणि घरात पोरं मराठीत भांडतात.

रकाना. तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा. 3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात सांगितलं, की कैद्यांच्या वहीतून जातीचा रकाना काढून टाका, आणि विमुक्त जमातींना ‘सराईत’ म्हणून तुरुंगाच्या नियमांत वेगळं काढू नका. कायदा रद्द झाल्यानंतर 72 वर्षांनी. पण छापील वह्या संपेपर्यंत वापरायच्या ही आपल्या कचेऱ्यांची रीत, त्यामुळे हा रकाना यादीत आत्ताच घालावा की थोडं थांबावं, ते ठरत नाहीये. सध्या पेन्सिलीने लिहिलाय.