फिल्टरमागची रिंग

नुकतंच सर्व्हिसिंग करून आणलेल्या गाडीतून आईला घेऊन साताऱ्याला निघाले होते. शिरवळ मागे पडलं आणि जळक्या तेलाचा वास यायला लागला. पुढच्या ट्रकचा असेल म्हणेपर्यंत डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला. गाडी कडेला घेऊन लगेच इंजिन बंद केलं. हा दिवा लागतो तो ऑइलचा दाब पडल्यावर. दाब गेला की क्रँकच्या बेअरिंगना वंगण मिळत नाही आणि काही मिनिटांत इंजिन जाम होऊ शकतं. ‘पुढच्या गॅरेजपर्यंत रेटू’ म्हणायची सोय तिथे नसते.

डिपस्टिक कोरडी निघाली. वाकून पाहिलं तर गाडीचं पोट तेलाने माखलेलं.

पारगाव-खंडाळ्याहून एक मिस्त्री आले. त्यांनी फिल्टर खोलला, फिल्टर बसतो त्या जागेवरून बोट फिरवलं आणि चपटी झालेली काळी रबरी रिंग नखाने उचकटून माझ्या हातावर ठेवली. “ही जुन्या फिल्टरची, ताई. नवी हिच्यावरच बसवलीय. डबल रिंग धरत नाही, प्रेशर आलं की सरकते.” जुना फिल्टर काढताना कधी कधी त्याची रिंग इंजिनालाच चिकटून राहते. ती जागा कापडाने पुसली असती, तरी ही रिंग हाताला लागली असती.

मग त्यांनी खालचा ड्रेन नट पाहिला. वायसर जुनाच होता आणि नट भलताच आवळलेला. बऱ्याच गाड्यांचे ऑइल चेंबर अ‍ॅल्युमिनियमचे असतात. अशी ताकद लावली की आटे जातात आणि नट बसेनासा होतो. ऑइल भरतानाही अशा चुका होतात. ते डिपस्टिकवरच्या खुणेच्या फार वर भरलं तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाने वंगण होत नाही. ५डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल लागणाऱ्या इंजिनात ड्रममधलं २०डब्ल्यू-५० ओतलं, तर थंड इंजिन सुरू होताना ते वरपर्यंत पोचायला वेळ लागतो.

सर्व्हिसिंग केलेल्या वर्कशॉपने खर्च भरून दिला. पण जॉब कार्डवर ‘फिल्टर बदलला’पुढे बरोबरची खूण होती, तपासणाऱ्याची सहीही होती. प्रत्यक्षात तपासलं कुणीच नव्हतं. लिफ्टखालच्या पोराच्या मागे पुढच्या गाडीची घाई असते, हे मला कळतं. म्हणूनच काम संपल्यावर इंजिन चालू करून, फिल्टरखाली बॅटरी मारून बघायची जबाबदारी दुसऱ्या कुणावर तरी हवी. त्याला दोन मिनिटं पुरतात.

आता मी जुना फिल्टर दाखवायला सांगते. त्याची रिंग त्याच्यावरच असली पाहिजे. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर थोडं थांबून डिपस्टिक बघते. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखालची फरशी बघते. चांगला मिस्त्री यावर चिडत नाही. तो स्वतःच बोलावून दाखवतो.