काड्याच्या पेटीतले सोने

गेल्या पावसाळ्यात एका गुरुबंधूंच्या आमंत्रणावरून आम्ही माळव्यात गेलो होतो. धार व देवास ही पवार घराण्याची जुनी संस्थाने. तेथे आजही मराठी बोलणारी घरे भेटतात. देवासला अशाच एका घराच्या परसात रताळ्याचे वेल पसरले होते. त्या घरातील आठ वर्षांच्या मुलाने काड्याच्या पेटीतून आम्हांस एक किडा दाखविला. गव्हाच्या दाण्याएवढा जीव, कासवासारखी पाठ, काचेसारख्या कडा आणि अंग जणू तावून काढलेले सोने!

"फादर, हा मेला तरी असाच राहील ना?"

काही माहीत नसता आम्ही मोठ्या अधिकाराने म्हणालो, "राहील की, बाळ!"

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली, तो आत फिकट तपकिरी टरफल. मुलगा काही बोलला नाही. पेटी मिटून आत निघून गेला. आम्ही मात्र ओशाळलो.

मग आम्ही ग्रंथ चाळले. ह्या भुंग्यांच्या कवचात अतिसूक्ष्म पापुद्रे असतात. त्यांतील ओलाव्यामुळे प्रकाश सोन्यासारखा परततो. प्राण गेला की ओलावा सुकतो व सोनेही जाते. म्हणून टाचणीला टोचलेला किडा आपले खरे रूप सांगू शकत नाही. ते जिवंतपणीच्या छायाचित्रानेच टिपावे लागते. ह्यांच्या अळीची रीतही नवलाची: टाकलेली कात व विष्ठा ती शेपटीवर तोलून पाठीवर ढालीसारखी धरते. ह्याच कुळातील, भारतात आढळणाऱ्या एका जातीस फाब्रिसियस ह्या डॅनिश पंडिताने १७९२ साली 'सांक्टेक्रुसिस', म्हणजे 'पवित्र क्रूसाचा', असे नाव दिले आहे.

आठ दिवसांनी धारहून परतताना आम्ही पुन्हा त्या घरी उतरलो. "बाळ, आम्ही चुकलो. चल, पुन्हा शोधू या," असे म्हणून भल्या पहाटे त्याला वेलांपाशी नेले. गारव्यात किडे सुस्त असतात. मोबाइलवर लहानसे भिंग बसविले. मुलाने श्वास रोखून पान स्थिर धरले. चौथ्या खेपेस चित्र साधले. त्यात पायांची नखेसुद्धा दिसत होती!

"आता पेटी आणू का?" आम्ही विचारले.

त्याने मान हलविली आणि पान अलगद सोडून दिले.

वाचकहो, अधिकाराने बोलण्यापूर्वी 'ठाऊक नाही' म्हणण्याचे धैर्य आम्हांस त्या इवल्या जीवाने शिकविले. त्याची किंमत मात्र एका किड्याने प्राण देऊन चुकविली.