कंसातलं उस्मानिया

नांदेड, परभणी, बीडच्या जुन्या गल्ल्यांत दारांवरच्या पाट्या वाचत गेलं की हमखास दिसायचं : बी.ए., एलएल.बी. (उस्मानिया). वाडे पडले, पाट्या उतरल्या. वकीलसाहेब, मास्तर, तहसीलदार, तुम्ही एकेक करून गेलात. गावोगावी तुमच्या वेगवेगळ्या शोकसभा झाल्या, पण सगळ्यांची मिळून एकही झाली नाही. घेणार कोण? तुमचं विद्यापीठ दुसऱ्या राज्यात राहिलं.

मनमाडकडून येणारी मीटरगेज गाडी तुम्हाला काचीगुड्याला उतरवायची. ट्रंक, वळकटी, फडक्यात बांधलेल्या दशम्या. जामबाग तिथून दूर नव्हती. हैदराबादकराला आज जामबाग म्हटलं की फुलांचे ढीग आठवतात. मराठी माणसाला मात्र विवेकवर्धिनी आठवते. केशवराव कोरटकरांसारख्यांच्या खटपटीतून १९०७ साली उभी राहिलेली ही शाळा म्हणजे निजामाच्या राजधानीत मोठ्याने मराठी बोलायची जागा. कारण १९१८ साली निघालेलं तुमचं विद्यापीठ उर्दूत बोलत होतं. भौतिकशास्त्र उर्दूत, कायदा उर्दूत. पुस्तकं दारुत्तर्जुम्यात, म्हणजे विद्यापीठाच्या भाषांतर विभागात, उर्दूत आणलेली. दिवसभर उजवीकडून डावीकडे लिहायचं आणि रात्री कंदिलाशी बसून वडिलांना मराठीत खुशाली कळवायची. या कसरतीने तुमची मराठी बिघडली, असं पुण्याकडचे म्हणत. मला तर ती श्रीमंत झालेली वाटते.

पण तुम्हाला आठवताना १२ नोव्हेंबर १९२१ झाकून ठेवता येत नाही. याच विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात, महर्षी कर्व्यांच्या अध्यक्षतेखालच्या सामाजिक परिषदेत, एक वक्ता तेलुगूत बोलायला उठला आणि मराठी श्रोत्यांनी त्याची हुर्यो उडवली. त्या अपमानातून तेलुगू भाषकांचा आंध्र जनसंघ जन्मला. स्वतःची भाषा दबलेल्यांनीच शेजाऱ्याची भाषा दाबली, तीही जामबागेत.

१९३८ साली वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून तुमच्यातल्या कितीजणांची नावं पटावरून उडाली. नागपूर विद्यापीठाने दार उघडलं, म्हणून पदव्या तरी मिळाल्या. त्यांच्या पाट्यांवर कंसात नागपूर आलं, एवढंच.

मग १ नोव्हेंबर १९५६. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ निघालं आणि तुमच्या धाकट्या भावांनी तिकडची वाट धरली. झालं ते योग्यच झालं. मात्र उस्मानियाची तुमची रांग तिथेच संपली.

त्या रांगेच्या कडेला विचारवंत नरहर कुरुंदकरही उभे आहेत. उस्मानियाच्या सिटी कॉलेजात इंटरला नापास होऊन ते परतले. पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत व्यासपीठावरच गेले. पदवीधरांच्या यादीत ते सापडायचे नाहीत. माजी विद्यार्थ्यांच्या याद्या अशाच असतात, उत्तीर्णांच्या.

तुमच्या कपाटांतली कायद्याची उर्दू पुस्तकं घरच्यांनी रद्दीत घातली. वाचता येत नव्हती. निजामकाळातले शेतीचे कागद मात्र टाकता येत नाहीत. बांधाचा वाद निघाला की नातू ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उर्दू वाचणारा माणूस शोधत कचेरीभर फिरतो आणि म्हणतो, आजोबा असते तर चहा संपायच्या आत सांगितलं असतं.