नालासोपाऱ्याचा पत्ता, लंडनमधली पत

आमच्या वस्तीतून एखादे मूल परदेशी शिकायला निघाले की विहारात सत्कार होतो, भाषणे होतात. पण तिथे गेल्यावर पैसे कोणत्या कार्डाने खर्च करायचे, हे सांगायला कोणी उठत नाही. दोन वर्षांपूर्वी आमची लेक लंडनला निघाली, तेव्हा नालासोपारा पूर्वेच्या आमच्या घरात या एकाच प्रश्नावर रात्री एकपर्यंत वाद झाला. आम्ही दोघे नवरा-बायको एका बाजूला, ती एकटी दुसऱ्या बाजूला.

आमचे म्हणणे साधे होते. डेबिट कार्ड म्हणजे आपल्या खात्यातले आपले पैसे, संपले की संपले. क्रेडिट कार्ड म्हणजे उधारी. 1982 च्या गिरणी संपात आमच्या वडिलांनी व्याजाने पैसे काढले होते. ते फेडता फेडता परळची खोली गेली आणि आम्ही इथे आलो. तेव्हापासून आमच्या घरात कर्ज हा शब्द शिवीसारखाच उच्चारला जातो.

लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही क्रेडिट कार्ड नाकारलंत, की तुम्हाला नाकारलं गेलं?"

आम्ही गप्प झालो. खरे हे होते की काही वर्षांपूर्वी आम्ही एका बँकेकडे कार्डासाठी अर्ज केला होता. पगाराची स्लिप ठीक, कागदपत्रे ठीक. मग फोन आला, 'सर, तुमचा एरिया निगेटिव्हमध्ये आहे.' म्हणजे माणूस चालतो, पत्ता चालत नाही! गावकुसाबाहेरचा पत्ता बघून माणसाची किंमत ठरवायची सवय या देशाला जुनीच आहे, आता ती संगणकात गेली एवढेच. पुढे आम्ही लोकांना 'आम्हाला कार्ड नकोच' असे सांगत राहिलो. नाकारले गेल्याची लाज आम्ही तत्त्व म्हणून मिरवली.

आणि पत्त्याचे म्हणाल तर तोही आपल्या हातात कुठे असतो? 2025 च्या सुरुवातीला इथल्या अग्रवाल नगरीतल्या 41 अनधिकृत इमारती पाडल्या गेल्या. बांधणारे आणि विकणारे पैसे घेऊन मोकळे झाले, रस्त्यावर आली ती राहणारी माणसे.

लंडनला पोचल्यावर पहिल्याच महिन्यात लेकीचे म्हणणे आम्हाला पटू लागले. इथला सिबिल स्कोअर तिथे कोणी विचारत नाही, तिथे गेलेला माणूस पाटी कोरी घेऊनच उतरतो. इथले डेबिट कार्ड तिथे चालवायचे तर परदेशी व्यवहार निघण्याआधी चालू करून घ्यावा लागतो, कारण 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नव्या कार्डांवर तो बंदच असतो. शिवाय दर खरेदीवर बहुतेक बँका साधारण तीन-साडेतीन टक्के जादा कापतात. म्हणून तिने तिथल्या बँकेत खाते उघडले, डेबिट कार्ड घेतले, आणि भाजी, बस, जेवण सगळे त्यावरच चालवले. पण वर्षभर डेबिटने चोख खर्च केला तरी पत उभी राहत नाही. एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या तिथल्या तीन कंपन्या पाहतात ते उसने घेतलेले वेळेवर फेडले का, हे. मोबाईलचे कंत्राट असो की भाड्याची खोली, यांच्याकडे चौकशी होते. ज्याने कधी उसने घेतलेच नाही तो तिथे प्रामाणिक ठरत नाही, अनोळखी ठरतो.

तिचा पहिला अर्ज फेटाळला गेला. घाईने दुसरा करायचा नसतो, कारण प्रत्येक अर्जाची नोंद राहते. मग तिने मतदार यादीत नाव घातले. होय, राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांनाही तिथे मतदानाचा हक्क आहे, आणि यादीतले नाव पतीच्या नोंदीतही (नवऱ्याच्या नव्हे, क्रेडिटच्या!) पत्त्याचा पुरावा म्हणून धरले जाते. बाबासाहेबांनी मताचे मोल आयुष्यभर सांगितले, पण ते असेही कामी येईल हे आम्हाला ठाऊक नव्हते. काही महिन्यांनी तिला 300 पौंडांच्या मर्यादेचे कार्ड मिळाले. त्यावर फक्त मोबाईलचे बिल आणि एखादे पुस्तक, आणि महिन्याचे पूर्ण बिल खात्यातून आपोआप वळते.

मग लॅपटॉपचे प्रकरण झाले. एका दुकानातून तिने 430 पौंडांचा लॅपटॉप मागवला. 100 पौंड क्रेडिटने, उरलेले डेबिटने दिले. लॅपटॉप आला नाही आणि दुकानवाला फोन उचलेना. ब्रिटनच्या 1974 च्या ग्राहक पत कायद्याचे कलम 75 असे आहे की 100 पौंडांहून जास्त आणि 30,000 पौंडांपर्यंत किमतीच्या वस्तूची थोडी रक्कम जरी क्रेडिट कार्डाने दिली असेल, तरी कार्ड कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार. तिला पूर्ण 430 पौंड परत मिळाले. सगळे डेबिटने दिले असते तर हे कलम लागूच झाले नसते.

हे ऐकून आम्हाला आमच्याच सोपाऱ्याचा पूर्ण आठवला. दिव्यावदानातली कथा आहे. शूर्पारक म्हणजे हेच सोपारे, इथल्या व्यापाऱ्याला दासीपासून झालेला हा मुलगा. भावांनी घराबाहेर काढलेल्या या माणसाने पुढे विसार देऊन, बाकी नंतरच्या वायद्यावर, समुद्रावरून आलेला अख्खा माल उचलला आणि मोठा व्यापारी झाला. नंतर तो बुद्धाचा भिक्खू झाला. खुद्द बाबासाहेबही 1920 मध्ये अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला परतले ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून उसने घेतलेले पाच हजार रुपये यांच्या जोरावर.

काही कार्यकर्ते म्हणतील, कार्ड हा भांडवलदारांचा सापळा आहे. आहेच! 'किमान रक्कम' भरत राहणाऱ्याला इथल्या अनेक कार्डांवर महिना पावणेचार टक्क्यांपर्यंत, म्हणजे वर्षाला 45 टक्क्यांच्या घरात व्याज लागते. कार्डाने रोख काढली तर व्याज त्याच दिवसापासून. आमच्या वडिलांच्या सावकारानेही याहून फार जास्त घेतले नसेल. शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला म्हणून कार्डावर भाडे भरायचे, ही चूक तर कोणीच करू नये. त्यासाठी तीन महिन्यांचा खर्च डेबिटच्या खात्यात बाजूला असला पाहिजे, आणि तो जमवायला समाजाने मदत केली पाहिजे. शालीच्या पैशातूनही सुरुवात होऊ शकते.

गेल्या महिन्यात संतोष भुवनचा एक मुलगा मँचेस्टरला निघाला. सत्कारात आम्हाला दोन मिनिटे बोलायला दिली होती. आम्ही शाल बाजूला ठेवली आणि त्याला कलम 75 समजावून सांगितले. अध्यक्ष घड्याळ दाखवत होते, पण मागच्या रांगेतल्या दोन मुली लिहून घेत होत्या.